कारणांचे ढीग

आस्तिक की नास्तिक असं कुणी विचारलं की मी आपला "संशयी" म्हणून मोकळा होतो. देव नाहीच असं छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि आहे असं म्हणायला पुरेसं कारण अजून सापडलेलं नाही. पण बाकीचे लोक का मानतात हे विचारायची मला भारी हौस. (नातेवाइकांनी ती बरीच सोसली आहे :) ) इतक्या वर्षांत जी उत्तरं मिळाली त्यांचे साधारण पाच ढीग होतात.

पहिला ढीग "शास्त्रीय कारणा"चा. तुळस रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडते, उपासाने पोटाला आराम मिळतो, वगैरे. तुळशीचं म्हणाल तर अंधारात ती आपल्यासारखीच ऑक्सिजन घेते. आणि पोटाच्या आरामाचं कारण एकादशीवाले देतात, रोजेवाले देतात, पर्युषणवालेही देतात. त्यात आपल्या उपासाच्या ताटातले बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, सगळे मूळचे अमेरिका खंडातले! कोलंबसाच्या आधी आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं. मी एकच विचारतो : उद्या उपास तब्येतीला वाईट असं सिद्ध झालं तर सोडाल का? उत्तर "नाही" असेल, तर ते तुमचं कारणच नव्हे. मला हा ढीग सगळ्यात हलका वाटतो, कारण तो सांगणाऱ्याचाही मनापासूनचा नसतो.

दुसरा ढीग चमत्कारांचा. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, तेव्हा देवळांपुढे लागलेल्या रांगा बऱ्याच जणांना आठवत असतील. चमच्यातलं दूध मूर्तीला टेकलं की पृष्ठताणामुळे ओढलं जातं आणि पातळ ओघळाने खाली उतरतं, हे शास्त्रज्ञांनी तेव्हाच दाखवलं होतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये माहीमच्या खाडीचं पाणी "गोड" झालं, तेव्हा लोक बाटल्या भरभरून घेऊन गेले. तिकडे जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवाचं दर्शन २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत होतं, तेव्हाही गर्दी लोटली. गंमत अशी की यातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या चमत्काराबद्दल माझ्याइतकाच संशयी असतो. डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये हेच मांडलं होतं : वेगवेगळ्या धर्मांचे चमत्कार एकमेकांच्या विरुद्ध साक्ष देतात.

तिसरा, ग्रंथात लिहिलंय म्हणून. इथे आपल्याच दर्शनांमधली जुगलबंदी मला फार आवडते. मीमांसक म्हणतात, वेद कुणीच रचले नाहीत म्हणून त्यांत चूक नाही. नैयायिक म्हणतात, वेद ईश्वराने रचले म्हणून त्यांत चूक नाही. निष्कर्ष एकच आणि कारणं बरोबर उलटी! म्हणजे निष्कर्ष आधी ठरला आणि कारण मागाहून आलं, अशी शंका मला येते. कोपऱ्यात चार्वाक बसलेलाच आहे, प्रत्यक्ष दाखवा म्हणत. कुराण किंवा बायबलबद्दल विचारलं तरी बरेचदा ग्रंथाची साक्ष ग्रंथच देतो.

चौथा ढीग, "मानलं तर बिघडतं काय?" पास्कलची ही पैज, त्याच्या मृत्यूनंतर १६७० मध्ये छापली गेलेली. पण पैज लावायची कुठल्या देवावर? एकाला खूश करावं तर दुसरा रागावणार. आणि कधीकधी बिघडतंही. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्यात काय काय करायला बंदी आहे ती यादी वाचली की "बिघडतं काय" याचं उत्तर मिळतं.

आता पाचवा ढीग. "मला बरं वाटतं." इथे मात्र माझी तागडी डळमळते.

बाबांच्या दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. तास झाला. शेवटी काका पुढे होऊन मोठ्याने म्हणाले, "दादा, वहिनींची काळजी करू नकोस. मी आहे." आणि कावळा आला. माझ्या मते आम्ही सगळे मागे सरकलो होतो म्हणून आला. पण काकांनी चारचौघांत दिलेला तो शब्द खरा होता. आजही दर रविवारी सकाळी आईला त्यांचा फोन असतो. कावळ्याने बाबांचा निरोप आणला याला पुरावा शून्य, आणि तरी त्या तासाभरात आईला जे मिळालं ते माझ्या कुठल्याही युक्तिवादाने दिलं नसतं.

मग मी कुठे उभा राहतो? समाधान हे मानण्याचं कारण असू शकतं, ती गोष्ट खरी असल्याचा पुरावा नव्हे. दोन्ही वेगळ्या वह्यांत लिहायचं. आईला हवं असतं म्हणून मी दरवर्षी श्राद्धाला बसतो. पण गेल्या वर्षी पुतण्याने विचारलं, "काका, आजोबा खरंच येतात का जेवायला?" मी म्हटलं, "मला नाही वाटत. आजीला वाटतं. आपण दोघंही आजोबांची आठवण काढतोय, एवढं नक्की." भाऊ चिडला, लहान मुलाला कशाला सांगायचं म्हणून. आई काही बोलली नाही. तिने पोराच्या पानात आणखी एक वडा वाढला.

भावाचा राग अजून पुरता गेलेला नाही. पण विचारल्यावर खोटं सांगायचं नाही आणि न विचारता कुणाचा आधार काढून घ्यायचा नाही, यापलीकडे मला काही सुचलेलं नाही.

असो. तुमचं कारण या पाचांत बसत नसेल तर जरूर सांगा. सहाव्या ढिगाला जागा रिकामी आहे.