गोरेपणाची ट्यूब आणि आपल्या फॉर्ममधला 'वर्ण'

भीमजयंतीच्या तयारीच्या मीटिंगला आमच्या वस्तीतली एक कार्यकर्ती सलग तीन वेळा आली नाही. लहान मुलांची भाषणे तीच बसवते, वर्गणीची वही तिच्याकडेच असते. निरोप धाडला की उत्तर यायचे, तब्येत बरी नाही. चौथ्या दिवशी आम्ही दोघे-तिघे घरीच गेलो. पोरगी ओढणी तोंडावर ओढून बसलेली. दोन्ही गाल लालभडक, त्यावर पुळ्या, हनुवटीवर केस उगवलेले. उन्हात गेले की मिरची चोळल्यासारखी आग होते म्हणाली. तिच्या आईने कपाटातून एक ट्यूब आणून आमच्या हातात दिली. चौकातल्या मेडिकलमधून वर्षभर आणत होत्या. डॉक्टरची चिठ्ठी? चिठ्ठी कशाला लागते, शेजारणीला फरक पडला होता.

वर्षभरापूर्वी काय झाले होते ते आम्हाला माहीत होते. तिला एक स्थळ आले होते. मुलगा इंजिनिअर, घरात बाबासाहेबांचे खंड, फोन उचलला की 'जयभीम'. निरोप आला की मुलगी हुशार आहे, पण रंगाने जरा कमी आहे. हे स्थळ कुठल्या मनुवादी विवाहमंडळातून आले नव्हते. ते आमच्याच बौद्ध वधू-वर मेळाव्यातून आले होते. मेळाव्याचा फॉर्म आम्हीच छापला होता. त्यात जन्मतारीख, उंची, शिक्षण आणि त्याखाली एक रकाना होता, 'वर्ण'. ज्या शब्दाने आपल्या पूर्वजांना गावाबाहेर ठेवले तो शब्द आम्ही स्वतः प्रेसवाल्याला पैसे देऊन छापून घेतला, आणि प्रूफ वाचताना आमच्यापैकी एकालाही तो खटकला नाही.

म्हणून हा लेख. आधी ट्यूबबद्दल बोलू, कारण आज ती कुणाच्या तरी गालावर चोळली जात असेल.

कातडीचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्याने ठरतो. ते बनवणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येने असतात. त्या किती आणि कोणत्या जातीचे मेलॅनिन बनवतात (इथे 'जात' शब्द नाइलाजाने वापरावा लागतो) यात फरक असतो, आणि तो आईबापाकडून आलेल्या जनुकांत असतो. गोरे करणारी बहुतेक औषधे या पेशींचे काम काही काळ मंदावतात. हायड्रोक्विनोन हे त्यातले जुने आणि खरोखर काम करणारे औषध. मेलॅनिन तयार होण्यासाठी लागणारे विकर ते अडवते. लावणे बंद केले की पेशी पुन्हा कामाला लागतात. रंगपेशी कायमच्या मारणारे मोनोबेन्झोन नावाचे रसायनही आहे, पण ते अंगभर कोड पसरलेल्या रुग्णाचा रंग एकसारखा करण्यासाठी असते. निरोगी माणसाने ते लावले तर अंगावर पांढरे डाग पडतात. आपला जन्माचा रंग कोणता हे पाहायचे असेल तर दंडाची आतली बाजू पाहावी. उन्हाने रापलेला चेहरा काळजी घेतली तर फार तर तिथपर्यंत येतो. त्यापुढचे वचन देणारा माणूस विकायला बसलेला असतो.

आता आमच्या हातात आलेली ट्यूब. तिच्यात तीन औषधे होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. हे मिश्रण निरुपयोगी नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वांगावर त्वचारोगतज्ज्ञ ते ठरावीक आठवडे, रात्री, फक्त डागापुरते देतात आणि मग थांबवतात. घोटाळा होतो तो त्याची रोजची फेअरनेस क्रीम केल्यावर. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा खरोखर उजळतो, पुरळ दबतो, लोक विचारतात, काय लावतेस? ही ट्यूब खपते ती या पंधरा दिवसांच्या जोरावर. मग स्टेरॉइडने कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुळ्या येतात, केस वाढतात. घाबरून बंद केले तर दुप्पट आग, म्हणून पुन्हा लावायचे. दारू सुटत नाही तशी ट्यूब सुटत नाही. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' असे वेगळे नावच दिले आहे, इतके रुग्ण त्यांच्याकडे येतात. कातडीवर लावायची स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा आदेश केंद्र सरकारने 2018 साली काढला. आमच्या चौकातल्या मेडिकलपर्यंत तो अजून पोहोचायचा आहे.

हायड्रोक्विनोनही वर्षानुवर्षे लावले तर कातडीत निळसर-काळे डाग बसतात, ते सहसा जात नाहीत. गोरे व्हायला निघालेला माणूस होता त्याहून काळा होतो. पार्लरमधल्या पीलचेही तेच. आम्ल जास्त झाले तर सावळ्या कातडीवर भाजल्याचे काळे डाग उरतात, आणि सावळी कातडीच तर पीलला जाते!

पण सर्वात भयंकर पारा. तोही मेलॅनिन अडवतो, स्वस्त असतो, म्हणून बिननावाच्या किंवा चोरवाटेने आलेल्या डब्यांत घालतात. डबीवर 'पारा' असे कुणी लिहीत नाही. कातडीतून तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 दरम्यान मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे 22 रुग्ण तपासले. त्यातल्या 15 जणांत या आजाराचा एक दुर्मीळ प्रकार सापडला आणि त्या 15 पैकी 13 जणांनी आजारापूर्वी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. पायावर सूज, लघवीला फेस, आणि कारण चेहऱ्यावरची क्रीम! कोणाला सुचेल? आमच्या वाचकांतल्या आशाताईंनी आणि नर्सताईंनी एवढे लक्षात ठेवावे की अंगावर सूज घेऊन आलेल्या तरुण मुलीला तोंडाला काय लावतेस हेही विचारायचे.

हल्ली लग्नाआधी ग्लुटाथिओनचे इंजेक्शन घेण्याची टूम आली आहे. त्याने कायम गोरे झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. अमेरिका आणि फिलिपाइन्सच्या औषध प्रशासनांनी गोरेपणासाठी ते शिरेतून देण्याविरुद्ध इशारे दिले आहेत. हजारो रुपये मोजून शिरेत सुई टोचून घ्यायची, तेही मांडवात बसण्यासाठी.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट आपल्या तरुणांना फारशी माहीत नाही. तिथे वर्णद्वेषी राजवटीत काळ्या स्त्रियांना हायड्रोक्विनोनच्या क्रीम विकून कंपन्या गबर झाल्या आणि हजारो चेहरे डागाळले. त्याविरुद्ध डॉक्टर आणि वर्णद्वेषविरोधी कार्यकर्ते एकत्र आले. 1990 साली त्या देशात या औषधावर बंदी आली आणि 'गोरे करते' असा दावा करण्यावरही आली. तिथल्या चळवळीने चेहऱ्यावरच्या क्रीमला राजकीय प्रश्न मानले. आपल्याकडे 1975 पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव 2020 मध्ये बदलले, तेही अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जगभर आवाज उठला म्हणून. पंचेचाळीस वर्षांत आपण एक निवेदन तरी दिले होते का?

काही मित्र म्हणतील, हा आर्यांचा कट आहे, आपण मूळचे काळे आणि ते गोरे. हे ऐकायला जोरदार वाटते, पण बाबासाहेबांनी हे मानलेले नाही. 1946 च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात त्यांनी ऋग्वेदाचे दाखले देऊन आर्य एका रंगाचे नव्हते हे दाखवले आहे. कण्व ऋषी काळे होते, राम आणि कृष्णही सावळे वर्णिले आहेत. 'वर्ण' म्हणजे कातडीचा रंग हा अर्थच त्यांनी नाकारला. 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये तर पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच आहेत असे ते सांगतात. काळ्या ब्राह्मणावर आणि गोऱ्या शूद्रावर विश्वास ठेवू नये अशी जुनी म्हण याच पंक्तीतली आहे: जात रंगावरून ओळखू येत नव्हती, म्हणून म्हण रचून ती ओळखायला लावली. शहरात आजही आडनाव विचारण्याआधी लोक चेहरा वाचतात. आपल्या मुलाला गोरी बायको हवी असते ती केवळ सौंदर्यासाठी नसते. नातवंडे 'त्यातली' वाटू नयेत ही एक भीती त्यात असते, आणि ती भीती आपल्या आईबापांना कुणी शिकवली हे आपण जाणतो. पण भीती आहे म्हणून दुसऱ्याच्या लेकीला रंगावरून परत पाठवायचा अधिकार मिळत नाही.

आणि आपले फ्लेक्स पाहा. डिझायनर पोरगा रमाईच्या फोटोवर असा फिल्टर मारतो की माता रमाई गुलाबी होऊन बाहेर येते. आम्हीच ते 'ओके' म्हणून पाठवलेले आहेत.

त्या मुलीला आम्ही सरकारी रुग्णालयात त्वचारोग ओपीडीला नेले. डॉक्टरबाईंनी ट्यूब पाहून सुस्कारा सोडला. एकदम बंद केले तर काही दिवस जास्त त्रास होईल, तो सोसावा लागेल, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लाव, दर महिन्याला दाखव, चार-सहा महिने तरी जातील, असे त्यांनी समजावले. तिने विचारले, रंग परत येईल ना? आम्हाला वाटले ती गोऱ्या रंगाबद्दल विचारते आहे. तिला तिचा स्वतःचा रंग विचारायचा होता.

जयंतीला ती ओढणी न घेता आली, गाल अजून लाल होते. मेळावा समितीच्या बैठकीत आम्ही 'वर्ण' रकाना काढायचा ठराव मांडला. दोन ज्येष्ठांनी विरोध केला, लोक विचारतातच तर लिहिलेले बरे, नंतर भांडणे नकोत. ठराव सहा विरुद्ध चार मतांनी पास झाला. नवे फॉर्म छापून आले आहेत. जुने दोनशे अजून समाजमंदिराच्या कपाटात पडून आहेत, ते फाडायचे की मागची बाजू वर्गणीच्या हिशोबाला वापरायची यावर वाद सुरू आहे.