नाव घेताना

आपल्या घरांतून मुलीच्या मौनाला फार चांगली नावे आहेत. ती शांत असते, सोशिक असते, मितभाषी असते. 'वर तोंड करून बोलत नाही' हे तर पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे प्रशस्तिपत्रच ठरते. ह्या गुणगौरवाच्या आड एखादीच्या घशाशी शब्द अडून बसलेला असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. मी तशांपैकी एक. भालकी तालुक्यातील एका खेड्यात वाढले, तेव्हाच्या गुलबर्ग्यात संसार केला, आणि साठी उलटल्यावर आज प्रथमच लिहिते आहे की, मी तोतरी आहे.

तोतरेपणा म्हणजे शब्द न सुचणे नव्हे. शब्द समोर स्वच्छ दिसत असतो. त्याचे पहिले अक्षर मात्र ओठांशी थबकते किंवा पुन्हापुन्हा उमटत राहते. अशा वेळी माणूस वाट बदलतो. सीमाभागात जन्मल्यामुळे मला तीन वाटा मिळाल्या : घरात मराठी, शाळेच्या अंगणात कन्नड, बाजारात दखनी. 'पाणी' अडले की मी 'नीरु' म्हणे. 'भाकरी' अडली की 'रोटी'. पोरगी तिन्ही भाषांत तरबेज आहे, असे लोक कौतुकाने म्हणत. मला ती पळवाट होती.

नावाला मात्र प्रतिशब्द नसतो. लग्न होऊन आले त्या दिवशी दारात नणंदांनी वाट अडवली. उखाण्याचे यमक सुरळीत पार पडले, कारण लय असली की तोतरेपणा बहुधा मागे सरतो. गाताना किंवा चारचौघांबरोबर एका सुरात म्हणताना तोतरी माणसेही सहसा अडखळत नाहीत. भजनात मी कधीच अडले नव्हते. पण यमक संपून नाव आले, आणि थांबले. "लाजली गं बाई!" म्हणून बायका हसल्या. सासूबाईंनी कौतुकाने आत घेतले. त्या लाजेच्या पदराखाली मी पुढची कितीतरी वर्षे काढली. यजमानांच्या लक्षात आले, तेव्हा ते माझी वाक्ये पुरी करू लागले. मायेनेच करीत. पण मला म्हणायचे नसे तेही पुष्कळदा माझ्या नावावर जमा होई.

माझ्या थोरल्या भावाचेही शब्द अडत. त्याला वडिलांनी म्हैसूरला नेले. तेथे १९६५ साली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था स्थापन झाली होती. मुलाला मुलाखती द्यायच्या होत्या, नोकरी करायची होती. मला वेखंड मधात उगाळून चाटवले गेले. "पोरीला कुठे भाषणे करायची आहेत?" असे आई म्हणे. त्यात दुष्टावा नव्हता, धास्ती होती. मुलीला उपचारासाठी नेले की गावभर होते, आणि स्थळे परततात. मुलाचे व्यंग दूर करायचे आणि मुलीचे झाकायचे, हा त्या काळचा हिशेब होता. तो अजून सर्वत्र मिटलेला आहे, असे मला वाटत नाही.

हा भित्रेपणा नव्हे, वाईट खोड नव्हे, आईबापांच्या वागण्याचे फळही नव्हे. बहुधा तो दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो आणि पुष्कळदा घराण्यात उतरतो. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी पाकिस्तानातील कुटुंबांच्या अभ्यासातून त्याच्याशी निगडित जनुके दाखवून दिली. बहुतेक मुलांचा तो आपोआप ओसरतो, मुलींचा तर अधिकच. म्हणून प्रौढांमध्ये सुमारे चार पुरुषांमागे एक स्त्री, असे प्रमाण दिसते. ती एकटी स्त्री मग आपल्यासारखी दुसरी शोधायलाही बोलू शकत नाही.

बसवकल्याणच्या मातीत बाराव्या शतकात अक्कमहादेवीसारख्या स्त्रिया अनुभव मंटपात बोलल्या, ह्याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. त्या बोलल्या तेव्हा कोणीतरी ऐकत बसले होते, ही गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते.

माझ्या सहा वर्षांच्या नातीचा 'म' अडतो. सूनबाईने तिला लपवले नाही. वेळेवर वाचा-उपचार तज्ज्ञांकडे नेले. घरात आता नियम आहेत : तिचे वाक्य कोणी पुरे करायचे नाही, 'सावकाश बोल' म्हणून टोकायचे नाही, नजर न वळवता थांबायचे. परवा आलेल्या पाहुण्यांनी तिला नाव विचारले. ती अडली. पाहुणे माझ्याकडे पाहू लागले. तिचे नाव माझ्या ओठांवर आले होते, पण मी गप्प राहिले. थोड्या वेळाने तिनेच ते सांगितले, आणि लगेच पाहुण्यांना त्यांचे नाव विचारले.