आधी तारा, मग बघू?

“डॉक्टर, आधी तारा लावून बघू. नाहीच जमलं तर ऑपरेशन आहेच.” खालचा जबडा पुढे आलेल्या मुलांचे आईबाबा हे हमखास म्हणतात. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण या दोन वाटा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला जातात. पहिल्या भेटीतला माझा बराच वेळ हे समजावण्यातच जातो.

समजा, मुलगा 15 वर्षांचा आहे. तोंड मिटलं की खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात. पोळीचा तुकडा समोरच्या दातांनी तुटत नाही, म्हणून तो दाढेखाली धरून ओढतो. तोंडात आरसा घालून पाहिलं तर खालचे पुढचे दात जिभेकडे कललेले दिसतात, वरचे ओठाकडे. जबड्यांमधला फरक शरीराने आपल्या परीने झाकायचा प्रयत्न केलेला असतो.

नुसत्या तारांनी उपचार करताना आम्ही हाच कल वाढवतो. बरेचदा खालच्या दोन उपदाढा काढून त्या जागेत पुढचे दात मागे घेतो. चावा जुळतो, हनुवटी होती तिथेच राहते. ऑपरेशनसाठी मात्र कललेले दात आधी सरळ उभे करावे लागतात. त्या महिन्यांत उलटा चावा आणखीच ठळक होतो आणि मूल हिरमुसतं. म्हणून आधी दात मागे ओढून नंतर ऑपरेशन ठरलं, तर केलेलं सगळं उलटवावं लागतं. काढलेल्या उपदाढा तर परत येत नाहीत.

शिवाय खालच्या पुढच्या दातांभोवतीचं हाड पातळ असतं; हिरडीवरून बोट फिरवलं की मुळांचे उंचवटे लागतात. फार ढकललं तर हिरडी उतरते. फरक थोडा असेल आणि मुलाला स्वतःचा चेहरा खुपत नसेल, तर मी आनंदाने तारांवर भागवतो. फरक मोठा असेल तर नाही.

ऑपरेशनही सोपं समजू नये. तोंडाच्या आतूनच खालच्या जबड्याचं हाड दुभागून मागे सरकवतात, टायटॅनियमच्या पट्ट्यांनी जोडतात. हाड असं दुभागण्याची पद्धत ओब्वेगेसर या शल्यचिकित्सकाने 1950च्या दशकात रूढ केलेली. पण खालच्या ओठाची संवेदना देणारी नस त्याच हाडातून जाते. ओठ काही काळ बधिर राहतो, काहींचा थोडाफार कायमचाच. हे मी मुलाशी बोलतो. ओठ त्याचा आहे.

आणि घाई नको. मुलग्यांचा खालचा जबडा 18पर्यंत, कधी त्यानंतरही वाढतो. काही महिन्यांच्या अंतराने काढलेले दोन सेफॅलोग्राम, म्हणजे डोक्याचे बाजूने घेतलेले एक्स-रे, एकावर एक ठेवून वाढ थांबल्याची खात्री झाली, तरच ऑपरेशनची तारीख. “कॉलेजच्या आधी उरकून टाका” म्हणणाऱ्यांना मी ठाम नकार देतो.

उलटा चावा दिसला तर मुलाला 7-8व्या वर्षीच दाखवा. तेव्हा चेहऱ्यावर लावायच्या फेसमास्क या उपकरणाने वरचा जबडा पुढे आणता येण्याची शक्यता असते. ती वेळ टळून गेली असेल, तर उपदाढा काढायला होकार देण्याआधी डॉक्टरांना एवढं विचाराच: पुढे ऑपरेशन लागलं, तर या दातांचं काय?