निळा वाटाड्या

मराठी विकिपीडियावर परभणी जिल्ह्याचा लेख उघडा, हा जागोजागी उभा दिसेल. अंगात निळे कपडे, चेहरा साधा, नाव दुवा. एकदा त्याच्या मागून जाऊन आलात की कपडे जांभळट करून घेतो. तुम्ही येऊन गेलात एवढं लक्षात ठेवतो, बोलून दाखवत नाही.

घराणं जुनं. मराठी विश्वकोशात नोंद संपली की खाली ‘पहा’ म्हणून उभा असतो, तो याचा आजोबा. आजोबाच्या मागे जायचं तर उठून कपाटातून दुसरा खंड काढावा लागे. नातू एका टिचकीत नेऊन सोडतो. गंगाखेडवर वाचता वाचता जनाबाईंकडे, तिथून नामदेवांकडे, नामदेवांकडून पंढरपूरला. रात्रीचा एक वाजतो, दोष त्याचा नसतो.

पण आहे भोळा. सांगाल तिथे नेईल, शहानिशा करणार नाही. ‘पूर्णा’ एवढंच म्हणून त्याला पाठवलंत तर पंचाईत. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून, येलदरीच्या धरणात अडून, पुढे गोदावरीला मिळते ती आपली पूर्णा. दुसरी सातपुड्यातून निघून अकोला-बुलढाण्याकडून तापीला जाते. तिसरी गुजरातेत नवसारीजवळ समुद्र गाठते. शिवाय रेल्वे जंक्शनचं पूर्णा गाव आहेच. सेलूचंही तेच: एक परभणीत, एक वर्ध्यात. म्हणून दुहेरी चौकोनी कंसांत आधी खरा पत्ता लिहायचा, मग एक उभी दांडी, मग लोकांना दिसायचं नाव. ‘पूर्णेच्या काठी’ असं वाक्य असलं तरी या दांडीमुळे विभक्ती जागेवर राहते आणि नदीही चुकत नाही.

काळाचं भान मात्र त्याला आपण द्यावं लागतं. औंढा नागनाथ जुन्या पुस्तकांत परभणी जिल्ह्यात सापडतं, पण १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि औंढा तिकडे गेलं. परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला सुरू झालं ते ‘मराठवाडा कृषी विद्यापीठ’ म्हणून. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. जुन्या नावावर कुणी आला तर त्याला नव्या दारात पोचवण्यासाठी ‘पुनर्निर्देशन’ असतं. ते कुणी केलंच नाही, तर आपला हा गडी ओसाड जागी नेऊन उभा करतो आणि वर तोंड करून सांगतो, पान सापडलं नाही.

याचं सगळ्यात वाईट सोंग सरकारी आणि संस्थांच्या संकेतस्थळांवर पाहावं. नाव विचारलं की म्हणतो, ‘येथे क्लिक करा’. एका पानावर असे सात-आठ जण, सगळ्यांचं नाव एकच. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकाने दुव्यांची यादी ऐकायला घेतली तर कानावर काय पडेल? येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. त्याऐवजी ‘हळद्या रोगाला तोंड देणारा भेंडीचा वाण, परभणी क्रांती’ एवढे शब्द निळे केले असते तर शेतकऱ्याला कळलं असतं आणि गुगललाही.

हो, गुगललाही. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेली युक्ती याच्याच जिवावर उभी आहे: एखाद्या पानाकडे किती जण बोट दाखवतात, आणि बोट दाखवणारे किती वजनाचे, हे मोजायचं. गुगलचा सांगकाम्या (बॉट) याचाच हात धरून पानापानांतून फिरतो आणि निळ्या शब्दांवरून पुढच्या पानात काय असेल ते ताडतो. ज्या पानाकडे कुणीच बोट दाखवत नाही ते त्याच्या हाती उशिरा लागतं, किंवा लागतच नाही. पानांची यादी वेगळी कळवता येते, पण यादीत नाव असणं म्हणजे ओळखपाळख असणं नव्हे.

काही अतिशहाणे मग ‘परभणी’ शब्द येईल तिथे तिथे याला उभा करतात. एका परिच्छेदात पाचदा. यात वाचकाची सोय कुठे आली? पहिल्या उल्लेखाला एक पुरे. मासिकाच्या जाहिरातींसारखा तो सगळीकडे दिसू लागला की नजर त्याला टाळायला शिकते.

त्याचं एक लाल रूपही आहे, ते मला फार आवडतं. लाल म्हणजे पान अजून लिहिलेलंच नाही. चारठाण्याच्या मंदिरांपासून आपल्या गावच्या वेशीपर्यंत असं बरंच काही लिहायचं राहिलं असेल. विकिपीडियाच्या ‘विशेष पाने’मध्ये ‘पोरकी पाने’ अशीही एक यादी असते, ज्यांच्याकडे कुठूनच दुवा येत नाही त्यांची. खातं नसलं तरी संपादन करता येतं. त्या यादीत आपल्या तालुक्याचं काही सापडलं तर ज्या लेखात त्याचा उल्लेख आधीच आहे तो लेख उघडा आणि त्या शब्दाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन चौकोनी कंस घाला.