बुजवलेल्या विहिरींचे वांद्रे

माझा भाचा अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात नोकरीला आहे. तिथे त्याने एक जुने घर घेतले. घराच्या मागे परसात पोहण्याचा हौद होता. आमच्या खानदानात पोहण्याचा हौद ही पहिलीच गोष्ट, म्हणून ताईने, म्हणजे त्याच्या आईने, त्याचा फोटो आळीभर फिरवून दाखवला. आणि दोनच महिन्यांत भाच्याचा फोन आला, "जयभीम मामा. हौद बुजवून टाकतोय."

मला राग आला. ज्या घरातल्या बायांनी हंडाभर पाण्यासाठी रात्री जागवल्या, त्या घरातला पोरगा पाण्याने भरलेला हौद फोडायला निघाला! मी तसे बोललोही. त्याने शांतपणे ऐकून घेतले. म्हणाला, "मामा, इथलं पाणी कुठून येतं ते आधी ऐक."

ते शहर वाळवंटात आहे, पण आपण चित्रात पाहतो तशा वाळूच्या टेकड्यांचे नव्हे. पाच हजार फूट उंचीवरचे कोरडे पठार ते. थंडीत बर्फ पडतो, उन्हाळ्यात ओठ फुटतात. वर्षाचा पाऊस जेमतेम नऊ इंच. आपल्याकडे जुलैत एखाद्या दिवशी तेवढा पडून जातो. कोरड्या हवेमुळे उघड्या पाण्याची वाफ इतकी होते की वर्षभरात पुरुषभर उंचीच्या आसपास पाणी नुसते उडून जाते आणि नळाने पुन्हा भरावे लागते. ते शहर अनेक वर्षे जमिनीखालचेच पाणी उपसून पीत होते आणि पातळी खाली खाली चालली होती. २००८ साली डोंगरापलीकडच्या नद्यांचे पाणी बोगद्यातून आणून पिण्याला दिले, तेव्हा कुठे खालचे पाणी पुन्हा चढू लागले. अशा ठिकाणी एका घराने परसात हौद भरून ठेवायचा, त्यात वर्षातून चार वेळा डुंबायचे, आणि बाकीचे दिवस तो उन्हाला पाजायचा. भाचा म्हणाला, "ही चैन मला पटत नाही."

मग बुजवायची रीत त्याने सांगितली. मी कारकून माणूस, मला रीत ऐकायला आवडते. आधी नगरपालिकेचा परवाना. मग पाणी काढायचे, वीज तोडायची. मग हौदाच्या तळाला यंत्राने मोठमोठी भोके पाडायची. भिंतींचा वरचा दोन-तीन फुटांचा भाग फोडून तो मलबा तळाशी टाकायचा. त्यावर माती, पण एकदम नाही. थरावर थर, आणि प्रत्येक थर दाबून. तिथली माती भुसभुशीत, ओली झाली की बसते. घाई केली तर दोन वर्षांनी अंगणात खड्डा.

"तळाला भोके कशाला?" मी विचारले.

"नाहीतर खाली सिमेंटची वाटी राहील. वरून झिरपलेलं पाणी तिच्यात साचेल आणि वरची माती चिखल होऊन बसेल. पाण्याला खाली जायला वाट द्यायची, मामा."

आणि शेवटी म्हणाला, "पणजीची विहीर कुठे होती, तिचा एक फोटो पाठव ना."

म्हणून एका रविवारी मी आणि ताई निघालो. आधी पश्चिमेला गेलो, कारण ताईला तलाव पाहायचा होता. वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेला उतरले की स्वामी विवेकानंद रस्त्यावर मोठा तलाव लागतो. कागदोपत्री नाव स्वामी विवेकानंद सरोवर, जुने लोक त्याला लोटस टँक म्हणत. नवपाड्याच्या एका धनिक कोकणी मुसलमानाने तो बांधला असे सांगतात. वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत त्याचे नाव आहे. रेल्वेला एवढा लागून आणि बाजाराच्या तोंडावर असलेला हा तुकडा आजवर बुजला नाही, याचे मला नवल वाटते. आम्ही गेलो तेव्हा पाणी हिरवट होते, कठड्याला टेकून दोन म्हातारे पेपर वाचत होते. ताई म्हणाली, "वाईट असलं तरी आहे तरी!"

कारण मुंबईतले बाकीचे तलाव आता नावापुरते उरले. धोबी तलाव म्हणजे चौक. सी. पी. टँक म्हणजे बसचा थांबा. गवालिया टँक म्हणजे मैदान, जिथे १९४२ साली 'छोडो भारत'ची हाक दिली गेली. शेकडो माणसे रोज कंडक्टरला तलावाचे नाव सांगून कोरड्या रस्त्यावर उतरतात.

हे तलाव आणि विहिरी बुजवायला कारण होते, ते खोटे नव्हते. १८६० साली विहारचे पाणी नळाने मुंबईत आले, पुढे तुळशी आणि तानसा आले, आणि विहिरींची गरज कमी होत गेली. त्यातच मलेरिया. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला. मलेरिया पसरवणारा इथला डास गटारात नव्हे, तर विहिरी-टाक्यांच्या स्वच्छ पाण्यात वाढतो, असे त्यांनी दाखवले. ॲनोफेलिस स्टिफेन्साय असे त्याचे नाव. मग विहिरी झाका नाहीतर बुजवा, अशी मोहीम निघाली आणि लोकांनी धर्माच्या, पूजेच्या नावाने हरकती घेतल्या. महापालिकेचे सचिव राहिलेले आणि पुढे आयुक्त झालेले रुस्तम मसानी यांनी विहिरींच्या लोकसमजुतींवर १९१८ साली इंग्रजीत एक पुस्तकच लिहिले. कचेरीत बसून भुताखेतांच्या गोष्टी जमवणारा हा अधिकारी मला फार जवळचा वाटतो. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहरामची विहीर आजही शाबूत आहे. सांगायचे एवढेच की जिच्यामागे कुणी उभे राहिले ती विहीर टिकली. डासांना बुजवण्याखेरीज दुसरे औषध नव्हते असेही नाही. घट्ट झाकण बसवता येते, आणि अळ्या खाणारे गप्पी मासे सोडता येतात. महापालिकाच ते सोडते.

तलावावरून हिल रोडने रणवारकडे चालत गेलो. ही ईस्ट इंडियन लोकांची जुनी गावठाणे. लाकडी जिने, वळचणी, कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस. पुष्कळसे क्रूस १८९६ च्या प्लेगनंतरच्या काळातले. या घरांच्या अंगणांत विहिरी असत. आता बंगल्यांच्या जागी टॉवर उभे राहतात आणि त्यांच्या जाहिरातीत पहिले चित्र निळ्या हौदाचे असते. खालची विहीर बुजवायची आणि पाचव्या मजल्यावर हौद बांधून त्यात नळाचे, नाहीतर टँकरचे पाणी भरायचे. टँकर तरी पाणी कुठून आणतो? शहरात शिल्लक राहिलेल्या विहिरींतून आणि बोअरमधून. २०२५ च्या एप्रिलमध्ये भूजलाच्या नियमांवरून टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा या शहराला एकदम आठवले की आपल्या पायाखाली विहिरी आहेत.

चालता चालता माझ्या डोक्यात भाच्याचे बोलणे घोळत होते आणि माझा राग कुठे चुकला ते ध्यानात आले. हौद आणि विहीर, दोन्ही खड्डेच, पण उलट स्वभावाचे. हौदाचा तळ बंद. तो दुसरीकडचे पाणी घेतो आणि एका घरापुरते ठेवतो. विहिरीचा तळ उघडा. पावसात जमिनीने प्यालेले पाणी ती उन्हाळ्यात परत देते. तो हौद फोडून जमीन मोकळी करत होता. आमच्याकडे विहिरी बुजवून जमिनीचे तोंड बंद केले गेले.

आणि देणे कुणाला, हा प्रश्न आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको. १९२३ साली रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. पण ते सगळे कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा ते खरे झाले. त्यानंतर काही सवर्णांनी कोर्टात दावा लावला, त्यात त्यांचे म्हणणे काय होते? की चवदार तळे सार्वजनिक नाही, आमचे खाजगी आहे. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा निकालात काढला, तोवर दहा वर्षे गेली. त्याच न्यायालयाच्या नव्या इमारतीचा पाया आता आमच्या वांद्रे पूर्वेला, सरकारी वसाहतीच्या जागेवर घातला आहे.

रिक्षाने पूर्वेला आलो. खेरवाडीच्या मागच्या बाजूला आमची जुनी चाळ. इथे पूर्वी वाडी होती, विहीर त्या वाडीची, चाळीच्याही आधीची. आजी लग्न होऊन रत्नागिरी जिल्ह्यातून इथे आली. गावी विहिरीच्या कठड्याला हात लावायची सोय नव्हती. खाली भांडे ठेवून बसायचे, कुणी वरून ओतले तर घ्यायचे. कधी सकाळ सरायची. इथे आल्यावर पहिल्या दिवशी ती विहिरीवर गेली आणि सवयीने हंडा ठेवून बाजूला उभी राहिली. एक ख्रिस्ती बाई कपडे धुता धुता म्हणाली, "अगं उभी का? ओढ की!" आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा "ओढ की" हे दोन शब्द दोनदा म्हणायची. तिने पोहरा सोडला, रहाटाची कप्पी कुरकुरली, आणि आपल्या हाताने पाणी वर आले. "हाताला दोर काचला, पन सोडला न्हाय," म्हणायची.

१९९१ च्या उन्हाळ्यात वाडीच्या मालकाने ती बुजवली. डासांची तक्रार हे निमित्त, खरे म्हणजे वर दोन खोल्या काढून भाड्याने द्यायच्या होत्या. ट्रक आले. विटांचे तुकडे, तुटकी खाट, पत्र्याचे डबे, जे मिळेल ते आत. थर नाहीत, दाब नाही. एका आठवड्यात वर लादी. चाळीने अर्ज केला, तो मीच सुवाच्य अक्षरात लिहिला होता, दहा-अकरा वर्षांचा असेन. उत्तर आले नाही. आजी भांडली नाही. तिने फक्त कप्पी मागून घेतली आणि खाटेखाली ठेवली. त्यापुढे नळ गेला की ताई शाळेआधी पूल ओलांडून पश्चिमेला हंडा घेऊन जायची. त्या वर्षी ताईची दहावी होती. ती नापास झाली. याचे कारण विहीर, असे ताई कधी म्हणाली नाही, मी म्हणतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी आमच्या घरांत आली, ते सर्वांना ठाऊक आहे. पण आमच्या चाळीत रस्त्याचे पाणी उंबरठ्याला लागण्याआधी त्या दोन खोल्यांच्या लादीच्या फटींतून पाणी वर येऊ लागले होते. आजी तेव्हा हयात होती. तिला पोटमाळ्यावर चढवताना ती म्हणाली, "हिरीचं हाय त्ये."

आता त्यातल्या एका खोलीत शिंप्याचे दुकान आहे. तरुण मुलगा, उत्तर प्रदेशाकडचा. आम्ही दारात उभे राहून बोलू लागलो. त्याला विहिरीचे काही माहीत नव्हते. ताईची नजर मात्र शिलाई मशीनच्या पायाकडे गेली. मागच्या एका पायाखाली त्याने लाकडी पाचर मारली होती. जमीन एकीकडे बसते, दरवर्षी पावसाळ्यानंतर जाडसर पाचर लागते, असे तो म्हणाला. मालकाला सांगून थकला.

ताईने खाली वाकून फोटो काढला आणि मुलाला पाठवला. तिकडे पहाट होती, तरी लगेच उलट विचारणा आली, "आई, यात विहीर कुठे आहे?"

ताईने चष्मा सरकवला आणि एकेका बोटाने टाइप केले, "पाचर बघ."