टीचर्सची परीक्षा

शीर्षक वाचून स्टाफरूममधल्या मंडळींनी दचकू नये! परीक्षा आहे ती एका बाटलीची. नाव टीचर्स हायलँड क्रीम. ग्लासगोच्या विल्यम टीचरच्या कंपनीने १८८४ मध्ये हे नाव रजिस्टर केलं.

एक्स्चेंजवर एक सेमिस्टर मी ग्लासगोला होतो. फ्लॅटमध्ये आम्ही चौघं, त्यातला एक ॲबरडीनशायरचा. एका शनिवारी त्याने तीन ग्लास मांडले, बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या आणि जाहीर केलं, की यात एक स्वस्त ब्लेंड आहे, एक महागडी सिंगल माल्ट आणि एक मधलीच कुठलीतरी. "तू कधी प्यायला नाहीस, म्हणून जज तू."

का प्यायलो नाही, ते मी त्याला सांगितलं नव्हतं. हॉस्टेलवरही कुणाला फारसं माहीत नाही. आमच्याकडे रात्री फाटक वाजलं की आई आधी आमची दप्तरं उचलून आतल्या खोलीत न्यायची. मग यायचा तो वास. बाबांच्या शर्टाचा. बाबांनी २०१७ मध्ये सोडली. वास माझ्या डोक्यातून गेला नाही.

त्यामुळे पहिला ग्लास नाकाशी नेताना हात थरथरत होता (व्हायवाला थरथरतो त्याहून जास्त). वाट बघितली. तो वास आलाच नाही.

कारण साधं आहे, केमिकलवाल्यांना कळेल. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बहुतेक वेळा उसाच्या मळीचं स्पिरिट असतं. स्कॉच फक्त धान्याची, स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली आणि ४० टक्क्यांच्या खाली नाही. ब्लेंड म्हणजे भांड्यातून काढलेली माल्ट आणि उंच कॉलममधून काढलेली ग्रेन यांचं मिश्रण. हो, तोच आपला डिस्टिलेशन कॉलम, ज्यात अर्धा वर्ग लटकतो!

दुसऱ्या ग्लासात आधी मध, मग सफरचंदासारखं काहीतरी आणि मागून धूर. ऊस तोडल्यावर पाचट पेटवतात, तसा. टीचर्समधली मुख्य माल्ट आर्डमोर डिस्टिलरीची. ती १८९८ ची, माझ्या फ्लॅटमेटच्याच भागातली. तिथे वापरतात ती बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या धुरावर सुकवलेली असते. पाण्याचे चार थेंब टाकले तर धूर आणखी वर आला. हा भास नव्हे बरं का. धुराच्या वासाचा ग्वायाकॉल हा रेणू पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे सरकतो, असं स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी २०१७ मध्ये कॉम्प्युटरवर दाखवलंय.

तोंडात मात्र प्रकरण पातळ. जिभेच्या टोकाला कच्च्या स्पिरिटचा चटका बसतो आणि चव लवकर संपते. मी दुसरा नंबर दिला. पहिली आली सिंगल माल्ट, मधली बिचारी शेवटची. चिठ्ठ्या उलटल्यावर फ्लॅटमेटचा चेहरा पडला, कारण मधली त्याच्या खास आवडीची होती. टीचर्सला माझ्याकडून फर्स्ट क्लास, डिस्टिंक्शन नाही.

स्वस्त म्हणजे किती, तेही सांगतो. स्कॉटलंडमध्ये २०१८ पासून दारूला कायद्यानेच किमान भाव आहे. सप्टेंबर २०२४ पासून युनिटला ६५ पेन्स. ७०० मिलीच्या ४० टक्केवाल्या बाटलीत २८ युनिट, म्हणजे १८ पौंड २० पेन्सच्या खाली कुणी विकूच शकत नाही. लोकांनी कमी प्यावं म्हणून. आमच्या गावात असा भाव असता तर... जाऊ दे.

आईला यातलं काही सांगितलं नाही. बाबांना मात्र रविवारच्या फोनवर सांगून टाकलं. ग्लास, चिठ्ठ्या, पाण्याचे थेंब, सगळं. पलीकडे बराच वेळ नुसती टीव्हीवरची मॅच ऐकू येत होती.

"मग, आवडली का?"

"आवडली," मी म्हणालो. खोटं काय बोलायचं?

"उरलेली कुणाकडे आहे?"

"फ्लॅटमेटकडे."

"त्याच्याकडेच राहू दे."

मग नेहमीसारखं "जेवलास का?" विचारलं आणि फोन आईकडे दिला.