सुसरीचे नाव

'मगर' म्हटले की मला जबडा दिसतो. 'सुसर' म्हटले की आधी पाणी सरसरते. कृष्णाकाठी, भिलवडीकडे, हाच शब्द ऐकावा. गाळपेरात ऊन खात पडलेली सुसर दिसली की माणसे दबकतात, पण नाव ओळखीचे घेतात.

हा शब्द मात्र लांबून आलेला. संस्कृतातला शिंशुमार म्हणजे बहुधा गंगेतला डॉल्फिन. हिंदीत 'सूंस' होऊन तो डॉल्फिनच राहिला. पालीतल्या सुंसुमार जातकात माकडाच्या काळजावर टपलेली मगर हेच नाव लावून येते. मराठीनेही मगरीचीच बाजू घेतली. फारसीत तर उलटे झाले: 'नहंग' पूर्वी मगर होती, आज इराणात तो देवमासा आहे. पाण्याखाली अर्धेच दिसणाऱ्या जिवांना शब्दही अर्धेच पकडतात, असे मला वाटत राहते.

लांबून आलेल्या माणसांची तऱ्हा वेगळी. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, की आयोनियन ग्रीकांनी नाईलमधल्या अजस्र मगरीला 'क्रोकोडाइलोस' म्हटले, कारण त्यांच्याकडे दगडी गडग्यांतून फिरणाऱ्या सरड्यांचे ते नाव होते. पुढे अमेरिकेत स्पॅनिश लोकांनीही तिथल्या मगरीला 'एल लागार्तो', म्हणजे सरडाच म्हटले. इंग्रजीने त्याचा अ‍ॅलिगेटर केला. परमुलखातले भय माणसाने घरच्या गडग्यात मावेल एवढे करून घेतले. यात मला त्याची हिंमतही दिसते आणि घराची आठवणही.

नाईलकाठच्यांना अशी गरजच नव्हती. मगरतोंड्या सोबेक हा त्यांचा देव. मगरीसाठीच्या त्यांच्या शब्दात म-स-ह ही व्यंजने होती. त्यांच्याच पुढच्या कॉप्टिक भाषेत त्याचा 'म्साह' झाला, अरबीत 'तिम्साह'. सोबेकची देवळे ओस पडली. चित्रलिपी वाचणारा शेवटचा माणूसही गेला. 1822 मध्ये फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंने तिचे कोडे उलगडले, पण तोवरची कित्येक शतके नाईलकाठची माणसे मगर दिसताच तेच जुने नाव घेत होती. देवापेक्षा, लिपीपेक्षा ते नाव चिवट निघाले, याने मी आजही हरखतो.

आपल्या शेजारी गोव्यात, बोरीला, पौष अमावास्येला शेतकरी खाजणातल्या बांधाजवळ चिखलाची मगर थापून पुजतात. शेत राख, असे तिलाच सांगतात. या विधीला ते 'मानगे थापणी' म्हणतात. मानगें म्हणजे कोकणीतली मगर.